कॉम्प्रेसरचें तेल केव्हां बदलावें ?

ज्या गांवांत विहिरींचें पाणी खोल गेलें आहे, त्या गांवांत विंधणविहिरीवर कॉम्प्रेसर बसविलेला पुष्कळ ठिकाणीं दृष्टीस पडतो. १९७२ सालच्या दुष्काळानंतर महाराष्ट्रांत विंधणविहिरी झपाट्यानें वाढल्या. त्यांपैकीं ज्यांना पाणी थोडें लागलें, किंवा ज्यांच्या पाण्याबरोबर रेती व गाळ येतो, त्यांत पाणबुडी पंप फार दिवस टिकत नाहीं. अशा ठिकाणीं हवेच्या दाबानें पाणी वर आणण्याची युक्ति उपयोगी पडते. ही युक्ति नवी नाहीं. कार्ल लोशर या जर्मन खाणतज्ज्ञानें ती १७९७ सालीं शोधून काढली. बारीक नळीनें हवा खालीं सोडावयाची, आणि हवेच्या बुडबुड्यांनीं हलकें झालेलें पाणी मोठ्या नळींतून आपोआप वर यावयाचें, एवढेंच तिचें मर्म आहे. विंधणविहिरीच्या आंत फिरणारा असा एकही भाग नसतो. जें झिजावयाचें तें सर्व जमिनीवर, कॉम्प्रेसरच्या पोटांत असतें. आणि ती झीज थोपवून धरणारी वस्तु म्हणजे त्याच्या तळाशीं असलेलें लिटर-दोन लिटर तेल.

हें तेल केव्हां बदलावें, या प्रश्नास निरनिराळीं उत्तरें ऐकूं येतात. कोणी सहा महिने सांगतो, कोणी वर्ष सांगतो, तर कोणी म्हणतो कीं, तेल कमी झालें म्हणजे वरून भर घालावी, बदलण्याचें कारण नाहीं. हीं तीनही उत्तरें चुकीच्या मापानें दिलेलीं आहेत. तेलाचें आयुष्य प्रथम यंत्राच्या चालण्याच्या तासांवर मोजावयाचें असतें, आणि महिन्यांचा विचार त्यानंतर करावयाचा असतो. एवढी एक गोष्ट ध्यानांत आली, म्हणजे पुढील हिशेब प्रत्येक शेतकऱ्यास स्वतःच करतां येईल.

तेलाचीं कामें.— लहान कॉम्प्रेसरमध्यें तेल खेळविण्यासाठीं वेगळा पंप किंवा तेलाची गाळणी बहुधा नसते. दट्ट्याला जोडलेल्या दांड्याच्या खालच्या टोंकास एक लहानसा चमचा असतो. तो दर फेऱ्याला तळच्या तेलांत बुडतो व तेल उडवितो. त्या शिंतोड्यांवरच बेअरिंगें, पिन आणि नळकांड्याची आंतली भिंत यांचें वंगण अवलंबून असतें. मिनिटाला ७०० फेरे घेणारें यंत्र दिवसांतून ८ तास चाललें, तर हा चमचा एका दिवसांत ३,३६,००० वेळां तेलांत बुडतो. यावरून त्या थोड्याशा तेलास किती राबावें लागतें, याची कल्पना येईल.

वंगण हें तेलाचें पहिलें काम. दट्ट्याच्या रिंगा व नळकांडें यांमधील फट भरून काढून दाबलेली हवा खालीं निसटूं न देणें, हें दुसरें. घर्षणाची उष्णता वाहून नेणें हें तिसरें, आणि लोखंडास गंज चढूं न देणें हें चौथें. तेल जुनें झालें म्हणजे हीं चारही कामें एकदम ढिलीं पडतात; परंतु यंत्र त्याच दिवशीं बंद पडत नाहीं. तें चालूं राहतें, पाणीही येत राहतें, आणि म्हणून तेल चांगलेंच आहे असा समज होतो. नुकसानीस आरंभ येथूनच होतो.

तेल कां बिघडतें ?— तेलाचे तीन शत्रु आहेत : उष्णता, पाणी व धूळ.

सायकलींत हातपंपानें हवा भरतांना पंपाचा तळ तापतो, हें सर्वांच्या अनुभवाचें आहे. हवा दाबली कीं ती तापतेच. ३० अंश सेल्सिअस उष्णतेची हवा एकाच टप्प्यांत दर चौरस सेंटीमीटरला ७ किलो दाबापर्यंत नेली, तर ती हिशेबानें सुमारें २७५ अंशांपर्यंत तापते. नळकांड्याच्या बाहेरील पापुद्र्यांवाटे कांहीं उष्णता निघून जात असल्यामुळें प्रत्यक्षांतील आंकडा यापेक्षां कमी असतो. तीच हवा दोन टप्प्यांत दाबून मध्यंतरीं थंड केली, तर प्रत्येक टप्प्याच्या शेवटीं ती सुमारें १३५ अंशांपर्यंतच तापते. या तप्त हवेंतील प्राणवायूशीं संयोग होऊन तेल विटतें. आणि साधारणपणें उष्णता दर १० अंशांनीं वाढली कीं विटण्याची गति दुप्पट होते, असा ठोकताळा आहे. विटलेल्या तेलांत आम्लें व राळेसारखा चिकट पदार्थ उत्पन्न होतो. तो झडपांवर बसून भाजला म्हणजे त्याचीच कठीण काजळी बनते.

येथें एक गोष्ट विशेष सांगण्यासारखी आहे. बहुतेक लहान कॉम्प्रेसर हवेनेंच थंड होतात, आणि त्यांच्या मोठ्या चाकाचे आरेच पंख्याचें काम करतात. चाक कोणत्या दिशेनें फिरावें हें दाखविणारा बाण त्यावर किंवा यंत्रावर असतो. विजेच्या तारांची दुरुस्ती झाल्यावर फेज उलट लागल्यास मोटर उलटी फिरते. कॉम्प्रेसर तरीही हवा देत राहतो, त्यामुळें कोणाच्या लक्षांत येत नाहीं. परंतु पंख्याचा वारा नळकांड्यावर न येतां उलट बाजूस जातो, आणि तेल पाहतां पाहतां जळून काळें होतें. म्हणून लाइनचें काम झाल्यावर पहिल्या वेळीं चाकाची दिशा अवश्य पाहावी.

दुसरा शत्रु पाणी. ३० अंशांची पूर्ण ओलसर हवा दर घनमीटरास सुमारें ३० ग्रॅम पाणी वाफेच्या रूपानें धरते. तासाला ३० घनमीटर हवा ओढणारें यंत्र पावसाळी दिवसांत, हवेंत ऐंशी टक्के ओल असतां, तासाला सुमारें ७०० ग्रॅम पाणी आंत घेतें. त्यांतील बहुतेक भाग हवेबरोबर पुढें निघून जातो. पण थोडा भाग रिंगांवरून निसटून तळच्या तेलांत उतरतो. यंत्र बराच वेळ चालून चांगलें तापलें, तर हें पाणी वाफ होऊन बाहेर पडतें. परंतु यंत्र पांच-दहा मिनिटें चालवून बंद करण्याची संवय असेल, तर तें तळाशीं सांचत जातें व तेल ताकासारखें पांढरट होतें. थोडें चालणाऱ्या यंत्राचें तेल जास्त दिवस टिकतें हा समज म्हणूनच सर्वस्वीं खरा नाहीं.

तिसरा शत्रु धूळ. दख्खनच्या काळ्या पाषाणाची धूळ कठीण असते. ती तेलांत मिसळली म्हणजे कानशीप्रमाणें काम करते. मळणीच्या दिवसांत उडणारा भुसा हवेच्या गाळणीवर बसतो, गाळणी कोंदते, यंत्रास हवा कमी पडते व तें अधिक तापतें. विहीर खोल करण्यासाठीं ट्रॅक्टरवर जे कॉम्प्रेसर आणतात, त्यांची स्थिति तर सर्वांत वाईट असते. कारण सुरुंगाचीं भोंकें पाडतांना उडालेली धूळ तेंच यंत्र पुन्हां ओढून घेत असतें.

तेल न बदलल्यानें काय होतें ?— पहिला परिणाम पाण्याच्या धारेवर दिसतो. झडपांवर काजळी बसल्यानें त्या घट्ट मिटत नाहींत, रिंगा झिजतात, हवा मागें परत येते, आणि तेवढ्याच विजेंत पाणी कमी पडूं लागतें. विंधणविहीर आटली असें समजून शेतकरी नळ्या खालीं सोडण्याचा विचार करूं लागतो; दोष मात्र पुष्कळदां यंत्रांत असतो.

दुसरा परिणाम याहून गंभीर आहे. झिजलेल्या रिंगांवरून चढलेलें तेल हवेबरोबर सरळ विंधणविहिरींत जातें. हवेनें पाणी उचलण्याच्या पद्धतींत कॉम्प्रेसर आणि पाणी यांच्यामध्यें कोणताही पडदा नसतो. शेतावरील घरचीं माणसें आणि गोठ्यांतील गुरें पुष्कळ ठिकाणीं हेंच पाणी पितात. हौदाच्या पाण्यावर रंगीत तवंग दिसूं लागला, तर तो कशाचा आहे हें ओळखावें. लोहयुक्त पाण्यांतील सूक्ष्म जंतूंमुळेंही असा तवंग येतो. पण काडीनें ढवळलें असतां त्याचे पापुद्र्यासारखे तुकडे होतात व ते तसेच वेगळे राहतात. तेलाचा तवंग ढवळला तरी पुन्हां जुळून येतो. असें झाल्यास तें पाणी पिण्यास वापरणें बंद करून प्रथम यंत्र दुरुस्त करून घ्यावें.

तिसरा परिणाम क्वचित् घडतो, परंतु घडतो तेव्हां जिवावर बेततो. काजळीनें झडप अर्धवट उघडी राहिली, म्हणजे एकदां तापलेली हवा मागें येऊन पुन्हां दाबली जाते व अधिकच तापते. या उष्णतेनें झडपेंतील व नळींतील तेलकट काजळी पेट घेऊं शकते. मग नळी फाटते, किंवा टाकी असल्यास तिचा स्फोट होतो. हवेच्या यंत्रांतील आगींचें हें एक सुपरिचित कारण आहे. अशा प्रसंगीं सेफ्टी व्हॉल्व्ह पुरा पडेलच असें नाहीं.

तासांचा हिशेब.— नव्या यंत्राचे भाग एकमेकांत बसतांना लोखंडाचा बारीक कीस तेलांत उतरतो. म्हणून पहिलें तेल ५० ते १०० तासांच्या आंत काढून टाकावें, मग तें दिसावयास कितीही स्वच्छ असो. रिंगा किंवा बेअरिंगें नवीं घातलीं असतांही हाच नियम पाळावा. त्यानंतर साध्या खनिज तेलाचा अवधि दट्ट्याच्या कॉम्प्रेसरांत सामान्यतः ५०० तास किंवा ३ महिने, यांपैकीं जें आधीं पुरें होईल तें, असा धरतात. धुळीच्या जागीं, उन्हांत उघड्यावर ठेवलेल्या यंत्रास, आणि सुरुंगाच्या कामावरील यंत्रास हा अवधि निम्मा, म्हणजे २५० तासांचा, धरावा. कृत्रिम रीतीनें बनविलेलें सिंथेटिक तेल याच्या दुप्पट किंवा त्याहूनही अधिक टिकतें. पण त्याचा अवधि यंत्राच्या व तेलाच्या माहितीपत्रकावरूनच ठरवावा. विंधणविहिरी खोदणाऱ्या मोठ्या गाड्यांवर स्क्रूचे कॉम्प्रेसर असतात व त्यांचें तेल हजारों तास चालतें. तो आंकडा ऐकून आपल्या दट्ट्याच्या यंत्रास लावूं नये. तीं यंत्रें वेगळीं, त्यांचें तेल वेगळें, आणि त्यांत तेल गाळण्याची व थंड करण्याची सोयही वेगळी असते.

आतां हा नियम शेतावर लावून पाहूं. रब्बीच्या हंगामांत यंत्र रोज ८ तास चाललें, तर ५०० तास ६२ दिवसांत पुरे होतात. म्हणजे कार्तिकांत घातलेलें तेल पौषांत बदललें पाहिजे. तेंच यंत्र उन्हाळी पिकासाठीं पुढेंही तसेंच चाललें, आणि तेल सहा महिन्यांनीं बदललें, तर तोंपर्यंत त्याचे १,४४० तास झालेले असतात. म्हणजे अवधीच्या जवळजवळ तिप्पट. मोटारीशीं तुलना केली तर ही गोष्ट अधिक स्पष्ट होईल. ताशीं ४० किलोमीटर वेगानें ५०० तास चाललेली मोटार २०,००० किलोमीटर जाते, आणि १,४४० तासांत ५७,६०० किलोमीटर जाते. इतक्या अंतरापर्यंत मोटारीचें तेल न बदलणारा मालक विरळा. पण शेतावरचें यंत्र जागचें हलत नाहीं, म्हणून त्यानें केलेला प्रवास आपल्या लक्षांत येत नाहीं.

याच्या उलट, ज्याचें यंत्र रोज अर्धा-पाऊण तासच चालतें, त्याचे ५०० तास दीड वर्षांतही भरणार नाहींत. तेथें मात्र महिन्यांची मर्यादाच पाळली पाहिजे, कारण अशा तेलास पाणी अधिक बाधतें.

तासांची नोंद ठेवण्यास मोठें साधन लागत नाहीं. मोटरच्या पेटीवर तासांचें मीटर बसवून घेतल्यास उत्तमच. तें नसेल, तर पेटीच्या आंतल्या बाजूस एक कागद चिकटवून यंत्र चालूं केल्याची व बंद केल्याची वेळ रोज लिहावी. त्याच कागदावर तेलाची भर किती घातली हेंही लिहावें. दर १०० तासांस लागणारी भर वाढत चालली, तर तें तेल कोठें तरी जात आहे. बाहेर गळती दिसत नसेल, तर तें विंधणविहिरींतच जात आहे, हें ओळखून रिंगा तपासाव्या. आणि भर न घालतां तेलाची पातळी वाढलेली दिसली, तर त्यांत पाणी उतरलें आहे असें समजावें.

तास भरण्यापूर्वींही तेल बदलण्याची वेळ येते. तेल पांढरट झालें, त्यास जळका वास आला, किंवा बोटांत चोळतांना कण खरखरले, तर अवधीची वाट पाहूं नये. संशय असल्यास थोडें तेल कांचेच्या बाटलींत रात्रभर स्थिर ठेवावें. सुटें पाणी व कीट असल्यास सकाळीं तळाशीं दिसेल. वरून भर घालणें म्हणजे तेल बदलणें नव्हे. नासक्या दुधांत चांगलें दूध ओतलें असतां जें होतें, तेंच येथेंही होतें : जुन्या तेलांतील आम्लें व काजळी नव्यासही लौकर बिघडवितात.

तेल कोणतें घालावें ?— कॉम्प्रेसरसाठीं म्हणून विकलें जाणारें तेल घ्यावें. त्याचा दाटपणा डब्यावर ६८, १००, १५० अशा अंकांनीं दाखविलेला असतो. ४० अंश उष्णतेवर मोजलेल्या दाटपणाचा तो आंकडा आहे. आपल्याकडील उन्हाळ्यांत दट्ट्याच्या यंत्रास बहुधा १०० किंवा १५० अंकाचें तेल सांगितलेलें असतें. यंत्राच्या पुस्तकांतील अंक अखेरचा समजावा. ट्रॅक्टर किंवा ऑइल एंजिनाचें उरलेलें तेल कॉम्प्रेसरमध्यें घालण्याची रीत चांगली नाहीं. एंजिनाच्या तेलांत काजळी व मळ तरंगत ठेवणारीं द्रव्यें मिसळलेलीं असतात, कारण एंजिनांत तो मळ पकडण्यास गाळणी असते. लहान कॉम्प्रेसरमध्यें गाळणी नसल्यामुळें मळ तळाशीं बसणें व पाणी वेगळें होणें हेंच इष्ट असतें. शिवाय त्या द्रव्यांची राख झडपांवर बसते. यंत्राच्या पुस्तकांत तसें तेल चालेल असें स्पष्ट लिहिलें असेल, तरच तें वापरावें. घाण्याचें कोणतेंही तेल केव्हांही घालूं नये. उष्णतेनें तें चिकट होऊन रिंगा जाम करतें. दोन जातींचीं तेलेंही एकत्र करूं नयेत.

बदलण्याची रीत.— यंत्र दहा-पंधरा मिनिटें चालवून तेल कोमट करावें, म्हणजे तें पातळ होऊन गाळासह बाहेर येतें. नंतर यंत्र बंद करून मेन स्विच काढावा व नळींतील आणि टाकींतील सर्व दाब सोडून द्यावा. तळचा बूच काढून तेल भांड्यांत पूर्ण निथळूं द्यावें. आंतील भाग रॉकेलनें धुऊं नये. मागें राहिलेलें रॉकेल नवें तेल पातळ करतें आणि तप्त नळकांड्यांत पेट घेण्याचा धोका असतो. तंतू न सुटणाऱ्या स्वच्छ कापडानें पुसणें पुरे. बुचाचा वायसर तपासून बूच घट्ट बसवावा आणि तेलदर्शक कांचेच्या मध्यावरील खुणेपर्यंत नवें तेल भरावें. खुणेच्या वर भरल्यास तेल अधिक उडून हवेबरोबर पाण्यांत जातें. खालीं राहिल्यास चमचा तेलापर्यंत पोंचत नाहीं. चाक हातानें चार-दोन वेळां फिरवून मगच मोटर चालूं करावी. त्याच वेळीं हवेची गाळणी झाडून स्वच्छ करावी, आणि फाटली असल्यास बदलावी. झडपा वर्षांतून एकदां उघडून काजळी काढावी; त्या पेट्रोलनें न धुतां साबणाच्या पाण्यानें धुऊन, पूर्ण वाळवून बसवाव्या.

काढलेलें तेल बांधावर, नाल्यांत किंवा विहिरीजवळ ओतूं नये. जें पाणी वर काढण्यासाठीं एवढा खटाटोप, त्यांतच तें मुरतें. वापरलेलें तेल हें २०१६ च्या घातक कचऱ्याविषयींच्या केंद्रीय नियमांखालीं येतें, व तें नोंदणी झालेल्या पुनःप्रक्रिया करणाराकडेच जावयास पाहिजे. एकेकट्या शेतकऱ्यास लिटरभर तेल घेऊन जाणें परवडत नाहीं. पांच-सात शेजाऱ्यांनीं मिळून चांगल्या तेलाचा २० लिटरांचा डबा आणावा आणि जुनें तेल त्याच रिकाम्या डब्यांत सांठवून एकदम पोंचतें करावें, हें सोयीचें होईल. उघडलेल्या डब्याचें झांकण मात्र घट्ट असावें, नाहींतर हवेंतील ओल आंत शिरते.

सारांश.— (१) पहिलें तेल ५० ते १०० तासांत बदलावें. (२) पुढें दर ५०० तासांनीं किंवा ३ महिन्यांनीं, जें आधीं होईल तेव्हां, बदलावें. (३) धूळ व ऊन असल्यास २५० तास हीच मर्यादा धरावी. (४) पांढरटपणा, जळका वास किंवा खरखर दिसतांच तास न मोजतां बदलावें. (५) चालल्याचे तास व घातलेली भर यांची नोंद ठेवावी. (६) पावसाळ्यासाठीं यंत्र बंद ठेवण्यापूर्वीं तेल बदलावें, म्हणजे जुन्या तेलांतील आम्लें व पाणी तीन-चार महिने लोखंडाशीं राहणार नाहींत.

यंत्र अडल्यावर मिस्त्री शोधणें म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणण्यासारखें आहे, आणि ती वेळ नेमकी गहूं ओंबीवर आला असतांच येते. लिटर-दोन लिटर तेलाची किंमत एका पाण्याच्या खंडानें होणाऱ्या नुकसानीपुढें कांहींच नाहीं. खंडेनवमीस आपण यंत्रास हळदकुंकू वाहतों. त्याच दिवशीं तळचा बूच सैल करून पाणी सांचलें आहे कीं काय तें पाहावें, तासांचा नवा कागद पेटींत चिकटवावा, आणि मगच हंगामाचें पहिलें पाणी सोडावें.